बिनखिळ्याचं घर

आप्पांच्या घरात भिंतीला खिळा ठोकायला बंदी होती. लोकांकडे दारू-जुगाराला बंदी असते, ह्यांच्याकडे खिळ्याला. घरांच्या खरेदी-विक्रीच्या दलालीत आप्पांचा जन्म गेला, आणि बरं गिऱ्हाईक भेटलं की राहतं घरसुद्धा विकून ते मोकळे होत. खिळ्याचं भोक दिसलं की गिऱ्हाईक भिंतीकडे बघतं, भिंतीकडे बघितलं की त्याला ओल दिसते, आणि ओल दिसली की ते भाव पाडून मागतं, असं त्यांचं सरळ गणित. म्हणून लग्नाचा फोटो फ्रीजवर, मुलांचे लहानपणचे फोटो कपाटाला टेकून, आणि भिंतीवरचं घड्याळ जेवणाच्या टेबलावर आडवं. घरातल्या प्रत्येकाला मान कलती करून वेळ बघायची सवय लागली होती. नव्या पाहुण्याला वाटायचं, ह्या लोकांच्या मानेतच काही दोष असावा.

माईंनी अशी कितीतरी घरं लावली आणि आवरली. एका घराचे पडदे दुसऱ्या घराच्या खिडक्यांना कधी बसले नाहीत. सध्याच्या घरापुढेही 'विकणे आहे' अशी पाटी लागली होती, आणि माईंनी सवयीने वरच्या फडताळातली भांडी खोक्यात भरायला घेतली होती. कुरकुर त्यांनी कधी केली नव्हती. न कुरकुरणाऱ्या माणसाचं लोक काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या रविवारी दुपारची जेवणं झाली, ताटं टेबलावर तशीच, आणि विषय निघाला माईंच्या परवान्याचा. परवाने देणाऱ्या सरकारी खात्याने नवा नियम काढला होता. पुढच्या महिन्यापासून ज्याच्याकडे दलालीचा परवाना नाही, त्याने गिऱ्हाइकाला घर दाखवायचंसुद्धा नाही. ह्या कुटुंबात भाव बोलायचे आप्पा, कागद करायचा थोरला मुलगा, ऑफिसात फोन घ्यायची थोरली सून, आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन घरं दाखवायच्या माई. लग्न होऊन आल्या आल्या आप्पांनी त्यांना धंद्याचं एकच वाक्य शिकवलं होतं. "तू दार उघड. तोंड उघडू नकोस." एवढ्या शिदोरीवर माईंचं केस पांढरे होईस्तोवर निभलं होतं.

"काही अवघड नाही," थोरला म्हणाला. तो दाताशी काडी करत होता. "परवान्यासाठी शिकायचे तीन रस्ते आहेत. पहिला म्हणजे परवानेवाल्या माणसाच्या हाताखाली वर्षभर काम करायचं, त्याने तासांवर सही करायची. तो माणूस मी. तू निवांत घरी बस, मी सह्या करतो."

"म्हणजे मी काय करायचं?"

"परीक्षा द्यायची. मागचे प्रश्न आणून देतो. पाठ करून टाक."

धाकटा मुलगा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि भावाने काही म्हटलं की त्याच्या अंगाची आग व्हायची. "वर्षभर कशाला रखडायचं? दुसरा रस्ता बघ. रेकॉर्ड केलेले धडे मिळतात. मी लावून देतो, एक संपला की दुसरा आपोआप चालू होतो. तू तुझी भाजी चिर, भांडी आवर, झोप काढ. तास भरत राहतात."

"आणि धडे ऐकायचे कुणी?"

"ऐकायचे कशाला, माई? भरायचे."

"वा," थोरला म्हणाला, "म्हणजे नुसती फसवणूक."

"आणि तुझ्या सह्या म्हणजे गंगाजळ. सांग ना तिला खरं. तुझ्या हाताखाली परवाना काढला की पुढची दोन वर्षं तिचे सगळे सौदे तुझ्या नावावर चढतात. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस."

"घरातल्या घरात कसलं आलंय तुझं-माझं."

"दोघांनी आपापलं घोडं दामटणं बंद करा," आप्पा म्हणाले. आप्पांची नजर आता अधू झाली होती, समोरचा माणूस त्यांना आवाजावरून ओळखावा लागे, पण निकाल द्यायची खोड गेली नव्हती. "थोरल्याच्या हाताखाली. ठरलं."

माईंनी ताटातली राहिलेली कोशिंबीर बोटाने निपटून घेतली. मग त्या म्हणाल्या, "तिसरा रस्ता कुठला?"

थोरली सून उगाचच पाण्याचा जग सरळ करू लागली.

"तीन म्हणालास ना तू? दोन झाले."

तिसरा रस्ता सगळ्यांना पाठ होता. पुलापलीकडे बेकरीच्या वरच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग भरे, आणि तो वर्ग आत्याचा होता. आत्या म्हणजे आप्पांची धाकटी बहीण. तिने आप्पांच्या हाताखालीच धंद्याचं शिक्षण घेतलं. शिक्षण संपलं, हाताखालचं राहणं संपेना. एक दिवस तिने स्वतःच्या नावाची पाटी लावायची म्हटलं. आप्पा म्हणाले, ह्या घरात पाटी एकच. तिने पिशवी भरली आणि गेली. तेव्हापासून तिचं नाव ह्या टेबलावर निघत नसे, आणि तिच्या हाताखालून शिकून गेलेल्यांनी आप्पांची निम्मी गिऱ्हाइकं पळवली होती. आत्याचा वर्ग कडक. वेळ झाली की ती दार लावून घेते, मग बाहेर खुद्द खात्याचा साहेब उभा असेना का.

"मी वन्संच्या वर्गात जाणार आहे," माई म्हणाल्या.

आप्पांनी ताट पुढे सरकवलं. "त्या जिन्याची पायरी ह्या घरातलं कुणी चढायचं नाही. हे मी तेव्हाच सांगितलंय."

"तेव्हा मला परवाना लागत नव्हता."

"अगं, जन्मभर घरं दाखवलीस तू. तुला कोण काय शिकवणार?" आप्पांचा सूर एकदम मऊ झाला. एरवी माईंना काही येतं असं त्यांनी चुकूनही कबूल केलं नसतं, पण अडला हरी म्हणतात तसं झालं होतं. "हवाय एक कागद. तो घे, शिकण्याच्या भानगडीत कशाला पडतेस?"

ही ह्या सगळ्यातली गंमत. माईंनी परवाना घ्यावा ह्याला कुणाचीच ना नव्हती. शिकू नये, एवढंच होतं.

"शिकण्याच्या भानगडीत का, सांगते," माई म्हणाल्या. "मागल्या महिन्यात त्या नव्या जोडप्याला मी तोंड उघडून सांगितलं, की घरामागची मोकळी पट्टी तुमचीच. जुन्या मालकिणीचे कपडे मी तिथं वाळताना बघितले होते, म्हणून दिलं ठोकून. पट्टी निघाली शेजाऱ्याची. त्यांनी तिथं मुलीसाठी झोपाळा बांधायचं ठरवलं होतं. ती पोरगी माझ्यासमोर रडली."

"पण ते मिटवलं ना मी," थोरला म्हणाला. "त्यांना सांगितलं, आईला त्यातलं काही कळत नाही, तिचं बोलणं धरू नका."

"तेच म्हणते मी. चूक माझी, धडधडीत माझी. आणि ती माझी म्हणून कुणी धरलीसुद्धा नाही. लहान मुलाने चिखल केला की पुसून टाकतात तशी पुसून टाकलीत." माईंनी एकेकाकडे बघितलं. "मला ते लागलं. मला नीट माहीत असायला पाहिजे, आणि एवढं करून चुकले तर उत्तर मी द्यायला पाहिजे. कागद तर तुम्ही झोपेतही मिळवून द्याल मला."

"माई, उगीच भावनेच्या भरात—" धाकटा म्हणाला, आणि दारावरची घंटा वाजली.

घंटा वाजली की ह्या घरात जे होई ते बघण्यासारखं असे. विकाऊ घरात राहणाऱ्यांची ती कवायतच होती. भांडण जागच्या जागी थांबलं. थोरल्या सुनेने ताटं उचलून ओव्हनमध्ये कोंबली, धाकट्याने खुर्च्या आत सारल्या, थोरल्याने खिडक्या उघडल्या, आप्पांनी शर्टाची कॉलर नीट केली. माईंनी पदराला हात पुसले आणि दार उघडलं.

दारात एक निवृत्त नर्सबाई होत्या. पाटी बघून आल्या होत्या. चटपटीत बाई, आत येताच त्यांनी दाराच्या चौकटीला वितीने माप घातलं. स्वयंपाकघराच्या दारालाही घातलं, न्हाणीघराच्याही. माई एकेक दार उघडत गेल्या. मागच्या दाराशी नर्सबाई थांबल्या आणि बाहेरच्या गल्लीकडे बघत राहिल्या.

"माझी बहीण चाकाच्या खुर्चीत असते," त्या म्हणाल्या. "पुढच्या बाजूला पायऱ्या आहेत, तिकडून जमायचं नाही. खुर्ची ह्या गल्लीतून आत येईल. पण ही वाट ह्या घराच्या हक्काची आहे, की दुसऱ्या कुणाची? उद्या कुणी फाटक घालून कुलूप लावलं तर मी तिला घेऊन कुठं जाऊ?"

"गल्ली आपलीच," थोरला म्हणाला. "म्हणजे, असायला काही हरकत नाही."

"सगळेच वापरतात की," धाकटा म्हणाला. एवढ्यापुरती भावाभावांची एकी झाली.

"आजवर कुणी अडवलेलं नाही," आप्पा आतून म्हणाले.

थोरली सून पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. नर्सबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माईंवर येऊन थांबली. घर दाखवताना हे नेहमी होई. पुरुष बोलत आणि गिऱ्हाईक माईंकडे बघे. माईंच्या ओठावर 'हो' आलंच होतं, कारण त्यासुद्धा रोज कचरा टाकायला त्याच वाटेने जात. मग त्यांना ती रडणारी पोरगी आठवली.

"मला माहीत नाही," माई म्हणाल्या. "आणि ह्यांनाही नाही."

आप्पांना ठसका लागला.

"मग माहीत कुणाला आहे?" नर्सबाईंनी विचारलं.

"मी शोधून काढते. थोडे दिवस लागतील, मला अजून शिकायचंय. तोवर कुणी काही सांगितलं तरी त्यावर सही करू नका."

नर्सबाईंनी माईंकडे जरा निरखून बघितलं. "बरं," त्या म्हणाल्या. "कळलं की मला कळवा. पण तुम्ही कळवा." आणि पायऱ्या उतरून गेल्या.

दार लागलं मात्र, थोरल्याने कपाळाला हात लावला. "हातातोंडाशी आलेलं गिऱ्हाईक घालवलंस. वर सही करू नका म्हणून सांगतेस? आपल्याच घराचं गिऱ्हाईक, माई."

"गेल्या कुठे त्या? कळवा म्हणाल्या."

"तसं सगळेच म्हणतात. ह्यासाठीच सांगतो, माझ्या हाताखाली राहा. काय बोलायचं, काय नाही, ते मी ठरवीन."

"तुम्ही काय ठरवणार?" हे बोलली थोरली सून. सगळ्यांनी वळून बघितलं. लग्नापासून तिने नवऱ्याच्या शब्दाला चारचौघांत शब्द लावला नव्हता. "परवाना माझ्याकडेही आहे, विसरलात ना सगळे? गल्लीचं मला कुणी विचारलंसुद्धा नाही. बरं झालं, कारण मलाही माहीत नव्हतं."

"तुझा इथं काय संबंध?"

"मी तुमच्याच हाताखाली शिकले. तुम्ही सह्या केल्यात आणि मी मुलांचे डबे भरले. परीक्षेला उत्तरं पाठ केली, बाहेर पडले आणि विसरले. ऑफिसात फोन वाजला की मला धास्ती वाटते, कुणी खरंच काही विचारलं तर काय सांगू म्हणून. आल्या फोनला मी म्हणते, साहेब बाहेर गेलेत. तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसलेले असता तरी." ती माईंकडे वळली. "माई, तुम्ही वर्गातच जा. माझं ऐका."

माईंना तिचा हात धरावासा वाटला. ह्या मुलीला त्या इतके दिवस अबोल आणि जराशी आढ्यताखोर समजत होत्या. नाकाने कांदे सोलते म्हणून मनातल्या मनात तिची टरही उडवली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"झालं?" थोरला बायकोला म्हणाला. "तू पण?"

"मी पण."

धाकट्याला भावाची जिरली ह्याचाच इतका आनंद झाला, की आपले रेकॉर्डवरचे धडे तो विसरून गेला. "माईला जाऊ दे रे," तो म्हणाला. "मी संध्याकाळी सोडून येईन तिला."

आता आप्पा एकटे पडले. एकट्या पडलेल्या माणसाकडे शेवटचं हत्यार धमकीचं असतं, ते त्यांनी उपसलं. "जायचं तर खुशाल जा. पण एकदा का तू तो जिना चढलीस, तर मग ह्या घरात—"

"कुठल्या घरात, अहो?" माई म्हणाल्या. "हे तर तुम्ही विकायला काढलंय."

आप्पा पडेल आवाजात म्हणाले, "ती माझ्याविरुद्ध तुझे कान भरेल."

"भरू दे. इतकी वर्षं तुम्ही भरलेत, तरी अजून जागा आहे."

"मी तिला वाईट वागवलं नाही. शिकवलं सगळं."

"शिकवलंत. सोडलं मात्र नाहीत." हे माई रागाने म्हणाल्या नाहीत. "माझं तेवढंही केलं नाहीत. मला निदान शिकू तरी द्या. आणि देणार नसाल तरी मी जाणार आहे, तेव्हा विचारत नाहीये, सांगतेय."

एवढं बोलून त्या उठल्या, स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि बाहेर अंगणात गेल्या. घरातल्यांना वाटलं, ही आता पाटीच फोडते. पण माईंनी पाटी फोडली नाही. पाटीच्या एका टोकाचा खिळा बत्त्याने ठोकून सैल केला, हलवून हलवून उपटला आणि पदराला पुसत आत आल्या. मागे 'विकणे आहे' एका खिळ्यावर तिरपं लोंबत राहिलं.

"माई, काय करतेयस?" धाकटा म्हणाला.

दिवाणखान्याची मधली भिंत घरातली सगळ्यात देखणी भिंत. तिला आप्पांनी दोनदा रंग लावून घेतला होता. माईंनी स्टूल ओढलं, वर चढल्या, खिळा भिंतीला लावला आणि बत्ता हाणला. पहिल्या घावाला खिळा वाकडा झाला. त्यांनी तो सरळ केला. दुसऱ्या घावाला गिलाव्याचा टवका उडाला आणि आप्पांच्या पायाशी पडला. आप्पांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं काय चाललंय ते. ते खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच परत बसले. माई ठोकत राहिल्या. हात भरून आला तरी थांबल्या नाहीत.

"घड्याळ दे गं," त्या सुनेला म्हणाल्या.

सुनेने टेबलावरचं आडवं घड्याळ आणून दिलं. माईंनी ते खिळ्याला अडकवलं, खाली उतरल्या आणि लांब जाऊन बघितलं. "वन्सं वेळेला दार लावून घेतात," त्या म्हणाल्या. "मला वेळ नीट दिसायला पाहिजे."

सगळ्यांनी घड्याळाकडे बघितलं. घड्याळ सरळ होतं, माना मात्र जुन्या सवयीने कलत्या झाल्या. आधी धाकटा हसला, मग सून, आणि शेवटी न राहवून थोरलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माई वर्गाला निघाल्या. धाकट्याची गाडी त्यांनी नाकारली आणि बस धरली. पण बस सुटता सुटता आप्पा काठी टेकत चढले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. माईंनी काही विचारलं नाही. पूल ओलांडल्यावर उतरताना आप्पाच म्हणाले, "मला पाव घ्यायचाय. इथला बरा असतो म्हणे."

"घ्या की," माई म्हणाल्या.

बेकरीशेजारून अरुंद जिना वर जात होता, आणि जिन्यात भाजलेल्या पावाचा वास भरला होता. आप्पा खाली दुकानाच्या काचेपाशी थांबले. माई कठडा धरून चढल्या. आतापर्यंत त्यांनी हजारो दारं लोकांसाठी उघडली होती, आणि हे एक दार त्या स्वतःसाठी उघडत होत्या.

खोली भरलेली होती. बहुतेक पोरं-पोरी त्यांच्या नातवंडांच्या वयाची. फळ्याजवळ आत्या उभी होती, केस आखूड, चष्मा नाकावर. तिने माईंना बघितलं आणि क्षणभर तिच्या हातातला खडू थांबला. पण वर्ग तो वर्ग. "बसा," ती म्हणाली, आणि हजेरी पुढे चालू केली. नवीन आलेल्या प्रत्येकाला ती दोन गोष्टी विचारी, नाव काय आणि शिकल्यावर कुणाच्या हाताखाली काम करणार. कुणी काकांच्या म्हणालं, कुणी नाक्यावरच्या मोठ्या कंपनीच्या. मग ती माईंपाशी आली.

"नाव मला माहीत आहे," आत्या म्हणाली. "कुणाच्या हाताखाली?"

"कुणाच्याच नाही."

"वहिनी, इथं काहीतरी लिहावं लागतं."

"मग रेघ मारा."

आत्याने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. किती वर्षांनी दोघी एकमेकींना अशा समोरासमोर बघत होत्या. मग तिने त्या जागी एक लांबलचक रेघ मारली, कागद फाटेल इतकी दाबून.

"कुणाला सुरुवातीला काही विचारायचंय?" तिने वर्गाला विचारलं.

माईंनी हात वर केला. "घरामागची वाट घराच्या हक्काची आहे की दुसऱ्याची, हे कुठे बघायचं?"

आत्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि ते तिने लपवलंही नाही. "एवढ्या मोठ्या दलालाच्या घरातून आलात. घरी नाही विचारलंत?"

रस्त्याकडची खिडकी उघडी होती. तिच्याखाली, बेकरीच्या काचेपाशी, एक म्हातारा माणूस न घेतलेल्या पावाची वाट बघत उभा होता. माईंनी मुद्दाम आवाज चढवला.

"विचारलं. घरी कुणालाच माहीत नाही."